चेहरा एकीचा, उडी दुसरीची

आवराआवर झाली असेल तर जरा टेका. भाकरी अजून तव्यावर असेल, तर रेडिओ चुलीजवळ घ्या. आज आम्ही तुम्हाला सिनेमातली गोष्ट सांगणार आहोत. पण गाण्यांची नाही, नट्यांच्या साड्यांचीही नाही. पडद्यावर जी बाई घोड्यावरून पडते, छपरावरून उडी मारते, तिची गोष्ट.

झालं असं की मागे एका गावात आमची मासिक बैठक होती. हप्ते जमा झाले, पासबुकं भरून झाली. तेवढ्यात कोणाच्या तरी मुलीने मोबाईलवर ‘शोले’ लावला. बसंतीच्या मागे डाकू लागलेत आणि ती टांगा पळवतेय. सगळ्या जणी माना वर करून बघायला लागल्या. आमच्या गटातल्या थोरल्या आजी म्हणाल्या, “काय धीराची बाई आहे ही हेमा मालिनी!” मुलगी म्हणाली, “आजी, धोक्याच्या ठिकाणी हेमा मालिनी नाही, दुसरीच बाई आहे. तिच्यासारखे कपडे घातलेली.” आजींनी लगेच विचारलं, “मग तिचं नाव काय?”

कोणालाच सांगता आलं नाही. आम्ही समन्वयक म्हणून मिरवतो, आम्हालाही नाही. सिनेमा आम्ही सगळ्यांनी किती वेळा पाहिला असेल! बसंतीच्या घोडीचं नाव धन्नो, हे आमच्यातल्या प्रत्येकीला पाठ. पण टांगा हाकणाऱ्या बाईचं नाव माहीत नाही. म्हणून मग आम्ही शोधायला बसलो. जे हाती आलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

सुरुवात अगदी पहिल्यापासून करू. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट काढला. त्यात तारामतीचं काम कोणी केलं? अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाने. कारण सिनेमात काम करायला बाईच मिळेना. चांगल्या घरच्या सोडाच, इतर बायकांनीही नकार दिला. मग साळुंक्यांना साडी नेसवली आणि तारामती उभी केली. त्याच वर्षी फाळक्यांच्या पुढच्या चित्रपटात, ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये, दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघी आल्या. मायलेकी एकत्रच आल्या. तेव्हा लोकांनी काय काय बोल लावले असतील, ते आपल्याला सांगायला नको. पहिल्यांदा घराबाहेर पडून बँकेत गेलो, तेव्हा आपल्यालाही लावलेच होते.

म्हणजे पडद्यावर बाईचा चेहरा तरी बाईचा असावा, यासाठीसुद्धा कोणाला तरी पहिलं पाऊल टाकावं लागलं. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्यानंतरच्या काळात मारामारीच्या, घोडदौडीच्या चित्रपटांना लोक गर्दी करायला लागले. आपल्या येवल्याच्या ललिता पवार तुम्हाला ठाऊक आहेत. खाष्ट सासू म्हणून आणि टीव्हीवरच्या ‘रामायणा’त मंथरा म्हणून. त्या मूकपटांच्या काळात लहानपणीच सिनेमात आल्या होत्या. तरुणपणी त्या नायिका होत्या, १९३१च्या ‘दिलेर जिगर’सारख्या धाडसाच्या चित्रपटात त्यांनी काम केलं. त्यांचा एक डोळा बारीक दिसायचा, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. कोणी म्हणायचं जन्मजात आहे, कोणी म्हणायचं नाटक करतात. खरी गोष्ट अशी की १९४२ साली एका चित्रपटाचं काम चालू असताना थोबाडीत मारायचा प्रसंग होता. समोरच्या नटाचा हात खरोखरच जोरात बसला. चेहऱ्याच्या एका बाजूला लकवा मारला, डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली. उपचारांत तीन वर्षं गेली. नायिकेची कामं संपली. बाईने हार मानली नाही, सासूच्या भूमिका घेतल्या आणि त्यांत नाव कमावलं. पण बघा, ज्या डोळ्याला बघून आपण तिला खाष्ट म्हणत होतो, तो कामावर झालेला अपघात होता.

याच काळात मुंबईत आणखी एक बाई गाजली. लोक तिला ‘फिअरलेस नादिया’ म्हणायचे, म्हणजे निडर नादिया. तिचं खरं नाव मेरी अ‍ॅन इव्हान्स. जन्म १९०८ सालचा, ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरातला. वडील ब्रिटिश फौजेत, त्यामुळे लहानपणीच ती मुंबईला आली. वडील पहिल्या महायुद्धात गेले. पुढे पेशावरकडे राहताना ती घोड्यावर बसायला, बंदूक चालवायला शिकली. मुंबईत परतली तेव्हा पदरात मुलगा होता. दुकानात विक्रीचं काम केलं, नाच शिकली, सर्कशीतही काम केलं. मग वाडिया बंधूंनी तिला सिनेमात घेतलं. १९३५ साली ‘हंटरवाली’ आला. त्यात ती राजकन्या असते आणि रात्री तोंडावर बुरखा बांधून, हातात चाबूक घेऊन जुलूम करणाऱ्यांना वठणीवर आणते. असला चित्रपट चालणार नाही म्हणून वितरक हात लावायला तयार नव्हते, असं सांगतात. वाडियांनी तो लावला आणि लोकांनी डोक्यावर घेतला. पुढच्याच वर्षी ‘मिस फ्रंटियर मेल’मध्ये ती धावत्या आगगाडीच्या टपावर मारामारी करताना दिसली.

नादियाच्या वेळी खाली जाळी नव्हती, कमरेला तार नव्हती. पुरुषांना खांद्यावर उचलून फेकायची, छपरावरून उडी मारायची, सिंहांबरोबर काम करायची. सगळं स्वतः. चेहराही तिचा आणि उडीही तिची. म्हणून तिचं नाव राहिलं. ८८ वर्षांचं आयुष्य जगून १९९६ साली ती मुंबईतच गेली.

पण नादियासारखी एखादीच. पुढे नायिका नाजूक असावी, गाणं म्हणावं, रडावं आणि नायकाने तिला वाचवावं, अशा गोष्टी जास्त येऊ लागल्या. तरी नायिकेला कधी घोड्यावरून पडावं लागायचं, कधी जिन्यावरून गडगडावं लागायचं. ते कोण करणार? नायिकेला लागलं, तर चित्रपट अडकतो आणि लाखोंचं नुकसान होतं. म्हणून तिच्या जागी दुसरं माणूस उभं करायचं. त्याला ‘डुप्लिकेट’ म्हणायची पद्धत पडली. आणि नायिकेचा डुप्लिकेट कोण असायचा? पुरुष! केसांचा टोप घालायचा, साडी नेसायची, कॅमेऱ्याकडे पाठ करायची की झालं. १९१३ साली बाईचा चेहरा पुरुषाने दिला होता. पन्नास वर्षं उलटून गेली तरी बाईची उडी पुरुषच मारत होता.

इथे आपल्या आजींच्या प्रश्नाचं उत्तर येतं. त्या बाईचं नाव रेशमा पठाण.

मुंबईतलं गरीब घर. घरात खाणारी तोंडं पुष्कळ, कमावणारे हात कमी. रेशमाताई अंगाने चपळ होत्या, कसरती करायच्या. चित्रपटात मारामारीचे प्रसंग बसवणाऱ्याला फाइट मास्टर म्हणतात. अझीम नावाच्या एका फाइट मास्टरने त्यांना पाहिलं आणि या कामात आणलं. साल १९६८च्या सुमाराचं, आणि वय अवघं चौदा. आज आपण म्हणू की चौदाव्या वर्षी शाळेत असायला हवं, आणि खरंच असायला हवं. पण त्या घरात चूल त्या पैशांवर पेटत होती.

आता अडचण अशी की मुंबईच्या सिनेमात स्टंट करणाऱ्यांची संघटना होती आणि तिचं कार्ड असल्याशिवाय नियमित काम मिळत नसे. त्या संघटनेत एकही बाई नव्हती. रेशमाताईंना घ्यायला पुरुषांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं आपल्याला समजून घेता येतं. टोप घालून साडी नेसण्याचे पैसे त्यांना मिळत होते. बाई आली की ती रोजी गेली. पण अझीम मास्टर रेशमाताईंच्या बाजूने उभे राहिले आणि शेवटी त्यांना कार्ड मिळालं. त्या संघटनेच्या पहिल्या महिला सदस्य त्याच.

मैत्रिणींनो, आमच्या मते या साऱ्या इतिहासातली मोठी गोष्ट कोणती असेल तर ती ही. उडी मारणाऱ्या बायका पूर्वीही होत्या. पडणाऱ्या, लागून घेणाऱ्या होत्या. पण ‘ही बाई स्टंट कलाकार आहे, हे तिचं काम आहे’ असं कागदावर पहिल्यांदा तेव्हा लिहिलं गेलं.

मग ‘शोले’ आला. कर्नाटकात बंगळूरजवळ रामनगर नावाचं गाव आहे. तिथल्या मोठमोठ्या खडकांमध्ये त्याचं काम चाललं आणि १५ ऑगस्ट १९७५ला तो प्रदर्शित झाला. टांग्याच्या पाठलागातल्या धोक्याच्या जागी रेशमाताई होत्या. दगडधोंड्यांचा रस्ता, उधळलेली घोडी, मागून येणारे स्वार. टांगा मोडून पडण्याच्या प्रसंगात त्यांना जबर लागलं. तरी त्या परत कामावर उभ्या राहिल्या. पुढे वहिदा रेहमान, रेखा, श्रीदेवी अशा कितीतरी नट्यांच्या जागी त्यांनी उड्या मारल्या.

या कामातली एक गोष्ट आपल्यालाच लवकर कळेल. पुरुषाला शर्ट-पँटच्या आत गुडघ्याला, कोपराला, कमरेला गाद्या बांधता येतात. नायिकेचे कपडे तंग किंवा तोकडे. त्यांच्या आत गादी बांधली तर लगेच फुगवटा दिसतो. म्हणजे उडी तेवढीच, जमीन तेवढीच टणक, पण अंगावर संरक्षण कमी. आपण नाही का, साडीचा काचा मारून, अनवाणी, पुरुषाइतकंच ओझं वाहतो?

पूर्वी पडायच्या जागी गाद्या टाकायचे किंवा रिकामी खोकी रचायचे. खोकं दबतं आणि माणसाचा भार झेलतं. आता हवा भरलेल्या मोठ्या गाद्या आल्या, कमरेला पट्टा आणि तार आली, आणि पडद्यावर दिसणारी तार नंतर संगणकावर पुसून टाकता येते. फुटणारी काच पूर्वी साखरेचा पाक थिजवून करायचे, म्हणजे अंगात घुसू नये. हो, साखरच! आपण तोडलेल्या उसाचा असाही उपयोग होतो, हे ऐकून आम्हालाही गंमत वाटली.

उसाचं नाव निघालं, तेव्हा आता थोडं आपल्याकडचं बोलू. हे सांगायला आम्हाला जड जातंय, पण सांगणार आहोत. ज्या ताईची ही गोष्ट आहे, तिने नाव न घेता सांगायला परवानगी दिली आहे.

आमच्या एका गटातली ताई दरवर्षी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. तुम्हाला माहीतच आहे, टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल कोयत्याची, हिशेब कोयत्याचा. मुकादमाच्या वहीत नाव एकच, नवऱ्याचं. एके रात्री गाडी भरायची होती. डोक्यावर ओल्या उसाची मोळी घेऊन ती फळीवरून चढत होती. फळी दवाने निसरडी झालेली. पाय घसरला आणि ती वरून खाली आली. खुबा मोडला.

खाली ना गादी होती, ना खोकी.

दवाखान्याचा खर्च कोणी द्यायचा, हा प्रश्न आला तेव्हा उत्तर मिळालं, “ती आमच्याकडे कामाला नव्हती. वहीत तिचं नाव दाखवा.” नाव नव्हतंच. आम्ही तावातावाने म्हणालो, वहीत नसेल तर आमच्याकडे आहे. गटाचं रजिस्टर आहे, दहा वर्षांचं. धावत जाऊन उघडलं. तिच्या नावापुढे व्यवसायाच्या रकान्यात काय लिहिलं होतं, ठाऊक आहे? ‘गृहिणी’. ते अक्षर आमचंच होतं.

त्या दिवशी आम्हाला फार लाज वाटली. वर्षातले सहा महिने ती ऊस तोडत होती आणि आम्ही तिला घरी बसवून ठेवलं होतं. मुकादमाला नावं ठेवायला आम्हाला तोंड उरलं नाही. म्हणून रेशमाताईंच्या कार्डाची हकीकत वाचली, तेव्हा त्या सिनेमापेक्षा आम्हाला आमचं रजिस्टरच जास्त आठवलं.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. रेशमाताईंनी वाट पाडली आणि मागून बऱ्याच मुली आल्या. त्यांतल्या गीता टंडन यांनी आपली कहाणी स्वतः जाहीरपणे सांगितली आहे. पंधराव्या वर्षी लग्न झालं. नवरा मारहाण करायचा. दोन लेकरं घेऊन त्या घराबाहेर पडल्या. मिळेल ते काम केलं, पोळ्या लाटल्या, लग्नाच्या वरातीत नाचल्या. तिथून कोणीतरी स्टंटच्या कामाकडे नेलं. आगीच्या प्रसंगात चेहरा भाजला, पुढे पाठीच्या कण्याला मार बसला, तरी परत उभ्या राहिल्या. ‘चेन्नई एक्सप्रेस’मध्ये दीपिका पदुकोणच्या जागी त्यांनी काम केलं. २०१५ साली टीव्हीवरच्या ‘खतरों के खिलाडी’ या कार्यक्रमात त्या स्वतःच्या नावाने, स्वतःच्या चेहऱ्याने उतरल्या. लोकांनी पहिल्यांदा पाहिलं की उडी मारणाऱ्या बाईलाही चेहरा असतो.

मानसन्मानाचं म्हणाल, तर तो फार उशिरा आला. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत मारामारीचे प्रसंग बसवणाऱ्यांसाठी वेगळा पुरस्कार २०१६च्या चित्रपटांपासून सुरू झाला. अमेरिकेतल्या ऑस्करमध्ये तो २०२८ साली पहिल्यांदा दिला जाणार आहे. रेशमा पठाण यांच्यावर २०१९ साली ‘द शोले गर्ल’ नावाचा चित्रपट निघाला आणि त्याच वर्षी चित्रपट समीक्षकांनी त्यांचा विशेष योगदानासाठी गौरव केला. ‘शोले’ला तेव्हा ४४ वर्षं झाली होती.

सन्मानापेक्षा गरजेची गोष्ट म्हणजे विमा. आपल्याकडच्या स्टंट कलाकारांना पुष्कळ काळ विमाच मिळत नसे. एवढ्या धोक्याच्या माणसाला विमा कंपन्या नको म्हणायच्या. २०१७ साली अक्षय कुमार या नटाने पुढाकार घेऊन त्यांच्यासाठी विम्याची सोय केली. २०२५ साली तमिळनाडूत गाडी उडवण्याच्या स्टंटमध्ये एका अनुभवी कलाकाराचा जीव गेला, तेव्हा या विम्याची पुन्हा चर्चा झाली. तोवर सुमारे ६५० जणांना त्यात घेतलं होतं, असं सांगण्यात आलं. चांगलं झालं. पण एका मोठ्या माणसाच्या मनात आलं म्हणून विमा मिळावा, की काम करणाऱ्याचा तो हक्कच असावा, याचा विचार तुम्हीच करा.

आता आपल्या कामाचं. आम्ही आमच्या सगळ्या गटांची रजिस्टरं काढून बसलो आहोत. व्यवसायाच्या रकान्यात जिथे जिथे ‘गृहिणी’ आहे, तिथे त्या ताईला विचारतोय, “वर्षभरात काय काय काम करता?” उत्तरं ऐकून आम्हीच गप्प होतो. ऊसतोड, कांदा लावणी, वीटभट्टी, शिवणकाम, दूध. एकेकीची चार-चार कामं. ती सगळी लिहितोय. बैठकीच्या इतिवृत्तात ठराव घेतोय. तुम्हीही पुढच्या बैठकीत एवढं करा.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायांनी गावाच्या ग्रामपंचायतीत ऊसतोड कामगार म्हणून स्वतःची वेगळी नोंद करून ओळखपत्र मागावं. नवऱ्याचं निघालं म्हणजे आपलं निघालं, असं समजू नका. बाकीच्या मजुरीच्या कामांसाठी ई-श्रम कार्ड आहे. आणि बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा आहे, वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०. अपघाती मृत्यू झाला किंवा दोन्ही हात, पाय वा डोळे कायमचे गेले तर दोन लाख, एक गेला तर एक लाख. मात्र हाड मोडलं तर दवाखान्याचा खर्च त्यातून मिळत नाही, हेही माहीत असू द्या. उगाच आशेवर राहू नका. खात्यात २० रुपये शिल्लक नसतील तर विमा बंद पडतो, तेवढं मे महिन्याच्या शेवटी पासबुक बघून घ्या.

राहिली आमची ती ताई. ती आता काठी घेऊन चालते. फळीवर चढणं बंद झालं. गटातून कर्ज घेऊन तिने दोन शेळ्या घेतल्या आहेत. परवा तिच्यासमोर रजिस्टर उघडलं, ‘गृहिणी’ शब्दावर रेघ मारली आणि लिहिलं, ‘ऊसतोड कामगार, सध्या शेळीपालन’. तिने ते वाचायला लावलं. दोनदा. मग म्हणाली, “हे पडायच्या आधी लिहायला हवं होतं.”

खरं आहे. आधीच लिहायला हवं होतं. आमच्याकडून राहिलं, तुमच्याकडून राहू नये म्हणून आज हे बोललो.

आणि हो, आजींना सांगितलं आम्ही. टांगा हाकणाऱ्या बाईचं नाव रेशमा पठाण. आजींनी ते तीनदा घोकलं. आता बसंती दिसली की त्या आधी रेशमाचं नाव घेतात. तुम्हीही घ्या.

पुन्हा भेटू. तोपर्यंत स्वतःला जपा आणि एकमेकींना जपा. नमस्कार.